सरसकट लिहू नये

२ मार्च, सोमवार

आजपासून मी कॉलनीच्या ग्रुपची अ‍ॅडमिन. सेक्रेटरी सकाळी साडेनऊला घरी आले आणि चहाही न घेता हात जोडून उभे राहिले. म्हणाले, ताई, आता तुम्हीच ही गाडी रुळावर आणा, एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेली बाई या कॉलनीत दुसरी कोण आहे? मला कौतुक आवडत नाही असं मी म्हणणार नाही. ही वही खोटं लिहिण्यासाठी नाही.

झालंय असं, की दूरच्या कुठल्या शहरात बॉम्ब फुटल्याची बातमी गेल्या आठवड्यात आली आणि तेव्हापासून आमच्या ग्रुपला ताप चढलाय. पाण्याची वेळ, हरवलेली किल्ली, बंद पडलेली लिफ्ट, असल्या कामांसाठी काढलेला ग्रुप. चार इमारती, दोनशे बारा घरं. आता उघडावा तर मुसलमान, मुसलमान आणि मुसलमान. हे लोक असेच. यांच्यातल्या एकावरही भरवसा ठेवू नये. वरून गोड, आतून सगळे एकच. भूगोलाचे निवृत्त सर नकाशे टाकतात, दुसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य त्यांना टाळ्या देतो. मध्येच कुणीतरी भीत भीत विचारतो की असं सगळ्यांना एका मापाने कसं मोजता, की सगळे त्याच्या अंगावर. एका आठवड्यात एक्केचाळीस सरसकट विधानं झाली. मी स्वतः मोजली.

मला याची मनापासून चीड आहे. एका दुकानाचा काटा खोटा निघाला म्हणून मी कधी अख्ख्या बाजाराला चोर म्हटलं नाही. खोटा काटा सगळ्या जातीधर्मांच्या दुकानांत मिळतो, हे माझ्याइतकं कुणी पाहिलेलं नाही. कोण, कधी, कुठे, किती ग्रॅम, एवढं बोला. बाकी सगळ्या हवेतल्या गप्पा.

आमचे हे म्हणाले, "बघ हं, मोहोळात हात घालतेयस." चाळीस वर्षांत यांनी मला एकदाही सरळ शाबासकी दिलेली नाही.

३ मार्च, मंगळवार

सकाळभर बसून फॉर्म बनवला. आता ग्रुपवर नवी पोस्ट थेट पडणार नाही, आधी माझ्याकडे येणार; मंजूर पोस्टीखाली प्रतिक्रिया तेवढ्या मोकळ्या. नियम पहिला: सरसकट लिहू नये. तक्रार असेल तर पाच रकाने भरा. कोणी, कधी, कुठे, काय घडलं, साक्षीदार असल्यास. पाचांत बसलं तर मंजूर, नाही बसलं तर रद्द. मग लिहिणारा कितीही मोठा असो.

पण लोकांना नुसता नियम कळत नाही, नमुना द्यावा लागतो. दुपारभर डोकं खाजवलं, काही सुचेना.

पाच वाजता मुंगीला आणायला गेले. मुंगी म्हणजे आमची नात, साडेतीन वर्षांची. लेकीला कामावरून यायला सात वाजतात, म्हणून ती दिवसभर पाळणाघरात असते. ए इमारतीत तळमजल्यावर, पुढे छोटंसं अंगण आणि लोखंडी फाटक. चालवणारी बाई मुसलमान. नऊ वर्षं तिथे भाड्याने राहते आणि कॉलनीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलीत. मुलं तिला मावशी म्हणतात, म्हणून आम्ही म्हातारेही मावशीच म्हणतो. एका हातात छत्री, खांद्याला पिशवी, काखेत मुंगीचा एक बूट, दुसऱ्या हातात खुद्द मुंगी, अशी वरात घेऊन मी निघाले. लिफ्टपाशी आल्यावर लक्षात आलं की पाण्याची बाटली राहिली. परत जाते तर काय, फाटकाची कडी उघडी! आत चौदा मुलं, बाहेर गाड्यांची ये-जा. घड्याळ पाहिलं, पाच वाजून दहा मिनिटं. बाटली घेतली, बाहेर आल्यावर या खेपेला आठवणीने कडी घातली आणि घरी आले.

आणि नमुना मिळाला.

कोणी: पाळणाघराच्या मावशींनी. कधी: ३ मार्च, सायंकाळी ५.१०. कुठे: ए इमारत, अंगणाचं फाटक. काय घडलं: फाटकाची कडी उघडी ठेवली. साक्षीदार: मी स्वतः.

खाली टीप लिहिली: पाहा, यात राग नाही, धर्म नाही, कुणाच्या बापजाद्यांचा उद्धार नाही. असं लिहायला शिका.

वाटेत मुंगी म्हणाली, आज मावशी टाटा करायला आलीच नाही. रोज ती आमच्या मागोमाग फाटकापर्यंत येते, पहारेकऱ्यासारखी. मला ते जरा खटकतंच.

४ मार्च, बुधवार

बत्तीस पोस्टी आल्या. एकतीस रद्द. भूगोलाच्या सरांच्या त्यात नऊ. नववी रद्द झाल्यावर त्यांचा फोन आला. वाटलं होतं भांडतील, पण आवाजात नुसता मध. म्हणाले, नियम समजून घ्यायचाय. म्हणजे समाजाबद्दल लिहायचं नाही, पण एखाद्या माणसाबद्दल लिहिलं तर चालेल? म्हटलं, तारीख-वेळेसकट लिहिलं तर का नाही चालणार? "तुमच्या नमुन्यासारखं?" "अगदी तसंच." म्हणाले, उत्तम, आता नीट कळलं.

चाळीस वर्षं वर्गात शिकवलेला माणूस शेवटी शिकला म्हणायचा.

५ मार्च, गुरुवार

मावशी फाटकाशी उभी होती. नमुना वाचलेला दिसत होता. म्हणाली, "आजी, ती कडी..." आणि थांबली. म्हटलं, काही सांगायचंय का? तिने माझ्या हातातल्या छत्रीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि हसून नाही म्हणाली. म्हणाली, यापुढे मी जास्त लक्ष देईन.

चूक कबूल करणारी माणसं मला आवडतात. दुकानदारांतही अशी शंभरात दोनच निघायची. आज मात्र ती आमच्या मागोमाग पार रस्त्यापर्यंत आली.

९ मार्च, सोमवार

पहिली खरी तक्रार. दंतवैद्याकडून. कोणी: पाळणाघराच्या मावशींनी. कधी: ६ मार्च, ५.४०. कुठे: ए इमारत, पाळणाघर. काय घडलं: माझ्या मुलाला दुसऱ्या मुलाचे मोजे घालून पाठवलं. साक्षीदार: बायको. पाचही रकाने चोख. मंजूर केली.

तासाभरात खाली पन्नास प्रतिक्रिया. पण गंमत म्हणजे त्यांत एकही सरसकट नाही! कुणी लिहिलंय, "६ तारखेचीच गोष्ट ना? मीही तिथे होतो." कुणी, "मोज्यांतून कातडीचे रोग होतात." मुद्द्याला धरून बोलतायत लोक. मला भरून आलं.

१३ मार्च, शुक्रवार

सोमवारनंतर आणखी चार आल्या, चारही पाळणाघराच्या. ११ तारखेला सकाळी साडेअकराला एक मूल सात मिनिटं रडत होतं. (हे मिनिटं मोजणं मला फार आवडलं. पूर्वी "तासन् तास" लिहिलं असतं.) १२ तारखेला एका मुलाला दूध पाच मिनिटं उशिरा दिलं. एका मुलीच्या कोपरावर अर्धा इंच ओरखडा, फोटो पट्टी लावून काढलेला.

चौथी भूगोलाच्या सरांची होती आणि तिच्यावर मला बरीच मेहनत घ्यावी लागली. त्यांनी लिहिलं होतं, "त्यांच्यातला एक दाढीवाला भली मोठी बोचकी घेऊन आत शिरला, आत काय शिजत असेल ते देव जाणे." फोन केला. म्हटलं सर, 'त्यांच्यातला' काढा, दाढी काढा, देवाला काढा. शेवटी असं ठरलं: ११ मार्च, दुपारी २.१५, एक पुरुष, उंची अंदाजे पावणेसहा फूट, दोन मोठी बोचकी घेऊन पाळणाघरात गेला व चाळीस मिनिटांनी रिकाम्या हाताने बाहेर आला. आता याला कोण बोट लावणार?

मावशीचं उत्तरही आलं, तिनेही फॉर्म भरला होता. तो माझा भाऊ, गाद्या शिवतो, मुलांसाठी नव्या गाद्या आणल्या. तेही मंजूर केलं. माझ्याकडे दोन पारडी आहेत आणि दोन्ही सारखी.

तिच्या उत्तराखाली मात्र प्रतिक्रिया नाही. एकाने तेवढं विचारलं, जुन्या गाद्या कुठे गेल्या?

१६ मार्च, सोमवार

हिशेब मांडला. पहिल्या आठवड्यात सरसकट विधानं एक्केचाळीस. दुसऱ्यात सहा. काल संपलेल्या आठवड्यात शून्य. 'मुसलमान' हा शब्द दहा दिवसांत ग्रुपवर एकदाही आलेला नाही. सेक्रेटरी म्हणाले, ताई, जादू केलीत. पलीकडच्या कॉलनीच्या लोकांनी माझा फॉर्म मागून नेलाय.

यांना सांगितलं. हे मुंगीच्या मोडक्या बसचं चाक बसवत होते. रोज दुपारी चार वाजता हे पाळणाघरात जातात, मुलांची खेळणी दुरुस्त करतात, त्यांच्यात बसून गप्पा हाणतात. निवृत्तीनंतर यांना तेवढाच उद्योग. म्हणाले, "शब्द गेला खरा. पण माणूस कुठे गेलं, ते बघितलंस का?" यांचं बोलणं कधीकधी मला कळत नाही आणि विचारायला गेलं की हे बहिऱ्यासारखे बसतात.

१९ मार्च, गुरुवार

सी इमारतीतही एक पाळणाघर आहे, तिथे एक मूल जिन्यावरून पडलं, हनुवटीला तीन टाके. हे बाजारातून ऐकून आले. म्हणाले, हे टाक तुझ्या ग्रुपवर. म्हटलं, तक्रार आली का? आई-बापांनी फॉर्म भरला का? नाही. मग मी माझ्या मनाने कसं टाकू? हे म्हणाले, आई-बाप म्हणतात, पोर आहे, पडायचंच. म्हटलं, मग झालं तर.

माझ्या नोंदीत सी इमारतीच्या पाळणाघराविरुद्ध तक्रारी शून्य आहेत आणि ए इमारतीच्या नऊ. आकडे मी बनवत नाही. आकडे आपल्या पायांनी चालत येतात.

२२ मार्च, रविवार

सकाळी मावशी घरी आली. पहिल्यांदाच. बरोबर जाडजूड रजिस्टर. बस म्हटलं तरी खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. रजिस्टर उघडून एकेक दाखवू लागली. मोजे कसे बदलले: दोन्ही मुलांचे मोजे ओले झाले होते, तिने आपल्याकडचे कोरडे घातले. सात मिनिटं रडणारं मूल: पहिलाच दिवस, आई सोडून गेली होती. दूध: गरम होतं, निवायला पाच मिनिटं ठेवलं. सगळं वेळेसकट लिहिलेलं, अक्षर सुवाच्य. नोंद ठेवण्यात बाई माझ्या तोडीची आहे, हे कबूल केलंच पाहिजे.

म्हटलं, हे सगळं फॉर्ममध्ये भरून पाठवा, मी मंजूर करीन.

म्हणाली, "भरते आजी. रोज दोन-दोन भरते. मुलं झोपली की भरत बसते." मग रजिस्टर मिटून मांडीवर ठेवलं. "रागावू नका. आधी ते लोक आम्हा सगळ्यांबद्दल लिहायचे. मला वाईट वाटायचं, पण फोन उलटा ठेवून मी कामाला लागायचे. एवढ्या मोठ्या गर्दीत मी एक होते. आता गर्दी नाही. आता रोज मी एकटीच असते."

म्हटलं, पण त्यात खोटं काही आहे का? मोजे बदलले होते ना? मूल रडलं होतं ना?

"रडलं होतं," ती म्हणाली. "चौदा-पंधरा मुलं होती आजी. रोज कुणीतरी रडतं. तुम्ही दुसऱ्या कुठल्या घराबाहेर घड्याळ घेऊन माणूस उभा केलात तर तिथेही रडेल."

म्हटलं, मी कुणाला उभं केलेलं नाही.

ती रजिस्टर पुन्हा उघडायला लागली. पुन्हा एकदा वाटलं की तिला काही सांगायचंय. पण मुंगी आतून धावत आली आणि तिच्या मांडीवर चढून बसली, रजिस्टरावरच. जाताना मावशी म्हणाली, सहा मुलं कमी झालीत. मी म्हटलं, नवीन येतील.

२५ मार्च, बुधवार

आज एक घाणेरडा प्रकार झाला. तक्रार आली. पाठवणारा दंतवैद्य. कोणी: एक वृद्ध पुरुष. कधी: रोज दुपारी ४ ते ४.४५. कुठे: ए इमारत, पाळणाघर. काय घडलं: कोणत्याही मुलाचा पालक नसताना लहान मुलांमध्ये बसतो, मुलं त्याच्या अंगाखांद्यावर चढतात. साक्षीदार: तीन घरं.

हे कोणाबद्दल आहे, ते न कळायला मी काय दुधखुळी आहे? आणि पालक नाही कसे, मुंगीचे आजोबा आहेत. चाळीस वर्षांचा संसार, यांनी कधी कुणाच्या पोराला टपली मारली नाही, आणि हे असं, तारीख-वेळ घालून! पाचही रकाने भरलेले होते. मी रद्द केली. कारण लिहिलं: तपशील बरोबर, परंतु हेतू शुद्ध नाही. शिवाय दंतवैद्याला फोन करून असा झापला की माणूस त त प प करत राहिला. म्हणाला, ताई, तुमचे मिस्टर आहेत हे लक्षात आलं नाही, आमचा रोख मावशींवर होता, त्या परक्या माणसांना आत घेतात एवढंच.

म्हटलं, मग तसं लिहा.

त्याने तसं लिहून पाठवलं. 'परका पुरुष' असं. ते मंजूर केलं.

हे सगळं यांना सांगायला नको होतं, पण सांगून बसले. यांनी पेचकस खाली ठेवला.

"माझी रद्द केलीस?"

"मग काय, टाकू देऊ?"

"हेतू बघून रद्द केलीस." हे उठले. "तुमच्या खात्यात निरीक्षकाची स्वतःची वजनंही दरवर्षी तपासायला न्यायची असायची ना? तुझी शेवटची कधी नेली होतीस?"

माणसाने स्वतःच्या नवऱ्याची अब्रू राखली तर त्यातही यांना खोट दिसते.

२९ मार्च, रविवार

लेकीचं आणि माझं वाजलं. ती म्हणाली, "आई, बारा तक्रारी झाल्या. तू मंजूर केल्यास म्हणजे तू तपासल्या असशीलच."

म्हटलं, मी खरं-खोटं तपासत नाही. रकाने भरलेत की नाही एवढं बघते.

"म्हणजे? अगं, सगळ्या कॉलनीला वाटतंय की तू जाऊन बघून येतेस. लोक म्हणतात, तिने शिक्का मारलाय म्हणजे खरंच असणार."

हे मला नवीन होतं. खात्यात शिक्का मारण्याआधी मी वजन स्वतः पारड्यात टाकून बघत असे, एकदाही चुकले नाही. इथे पारडंच नाही. थोडी अस्वस्थ झाले, लपवत नाही. पण मग म्हटलं, लोकांनी काय समजावं, ते माझ्या हातात कुठे आहे?

दुसरा प्रश्न मात्र माझ्या हातातला होता. अ‍ॅडमिनची नात त्याच पाळणाघरात, हे बरं दिसत नाही. उद्या कुणी म्हणेल, बाई झुकतं माप देते. लेकीला म्हटलं, मुंगीला सी इमारतीत घाल. ती म्हणाली, तिथे टाके पडले होते ना? म्हटलं, तक्रार नाही.

मुंगी दोन तास रडली. मोजलं नव्हतं, अंदाजे.

३ एप्रिल, शुक्रवार

मुंगी सी इमारतीत गेल्याचं सोमवारीच सगळीकडे झालं. तेव्हापासून ए इमारतीतून आणखी पाच मुलं गेली. भूगोलाचे सर जिन्यात भेटले, अगदी वाकून नमस्कार केला. म्हणाले, तुम्ही कृतीने दाखवून दिलंत, आता कुणाला शंका उरली नाही. मी म्हटलं, मी काहीच दाखवलेलं नाही, फक्त पक्षपात टाळलाय. म्हणाले, तेच तर.

मावशीकडे आता तीन मुलं.

५ एप्रिल, रविवार

कमिटीची सभा. मला खास बोलावलं होतं. सेक्रेटरींनी माझ्या नोंदी छापून आणल्या होत्या, सतरा, क्रमांक घालून, आणि एकेक वाचल्या. तारीख, वेळ, जागा, प्रसंग. सतरा वाचायला अकरा मिनिटं लागली. पहिली माझी होती. कडी.

मावशी दाराशी उभी होती. बसायला कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण खुर्च्या मांडणं माझं काम नव्हे. सेक्रेटरी म्हणाले, आमच्या मनात कुणाच्या धर्माबद्दल काहीही नाही, तसला एक शब्दही या कागदावर सापडणार नाही, बघून घ्या. खरंच नव्हता. मीच काढले होते.

परदेशातल्या घरमालकाला फोनवर घेतलं. त्याला सतरा हा आकडा सांगितला. तो म्हणाला, मला कटकट नको. ठरलं: ३० एप्रिल, दुपारी बारापर्यंत घर रिकामं करायचं.

तिला काही बोलायचंय का, असं विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आजींनी कडीचं लिहिलंय, तेवढं त्यांनी एकदा आठवून बघावं." बस. दुसरं काही नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, मला व्यवस्थित आठवतंय, पाच वाजून दहा मिनिटं.

हे सभेला आले नाहीत. संध्याकाळी जेवले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, भूक नाही. आज दिवसभरात हे माझ्याशी तेवढंच बोलले.

१७ एप्रिल, शुक्रवार

ग्रुपवर शांतता. लिफ्ट, पाणी, किल्ली. तक्रार एकही नाही.

३० एप्रिल, गुरुवार

सकाळी आठला टेम्पो आला. छोट्या खुर्च्या, छोटी टेबलं, गाद्या. हे खाली जाऊन सामान उचलू लागले. गुडघे असले आणि खुर्च्या उचलतायत! मी गॅलरीतून हाक मारली. यांनी वर पाहिलंच नाही. दंतवैद्याचा मुलगा शाळेच्या बसची वाट बघत उभा होता. त्याने मावशीला हाक मारली, तर त्याच्या आईने त्याचं डोकं धरून दुसरीकडे वळवलं.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्याकडे मंजुरीसाठी पोस्ट आली. तिची.

"नऊ वर्षांत इथली एकसष्ट मुलं सांभाळली. त्यांचं शी-शू काढलं, ताप उतरवले, त्यांना पहिला शब्द बोलायला लावला. तुमच्यापैकी एकानेही माझ्या बाजूने एक ओळ लिहिली नाही. तुम्ही सगळे एकच आहात. वरून गोड, आतून सगळे एकच."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एकानेही नाही. सगळे. हे सरसकट नाही तर दुसरं काय? भूगोलाच्या सरांच्या नऊ रद्द केल्या तेव्हा मी त्यांचं वय पाहिलं नाही, मग आज हिचे डोळे कसे पाहू? रद्द केली आणि सगळ्यांना जातं तेच ठरलेलं उत्तर धाडलं: आपले विधान सरसकट स्वरूपाचे आहे. कृपया कोणी, कधी, कुठे, काय घडले, हे लिहून पुन्हा पाठवावे.

तिने पाठवलं.

कोणी: कॉलनीच्या अ‍ॅडमिन आजींनी. कधी: ३ मार्च, सायंकाळी ५.०५. कुठे: ए इमारत, अंगणाचं फाटक. काय घडलं: नातीला घेऊन बाहेर पडताना कडी लावली नाही. त्या कधीच लावत नाहीत, हात मोकळे नसतात. रोज मी मागोमाग जाऊन लावते. त्या दिवशी एका मुलाला उलटी झाली म्हणून मला पाच मिनिटं उशीर झाला. त्यांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. साक्षीदार: मुंगी.

पाचही रकाने भरलेले.

मी ही वही काढली. ३ मार्चचं पान उघडलं. माझंच अक्षर. एका हातात छत्री, खांद्याला पिशवी, काखेत बूट, दुसऱ्या हातात मुंगी. कडी कुठल्या हाताने लावली, ते लिहिलेलं नाही. लावली, असंही लिहिलेलं नाही. दुसऱ्या खेपेला आठवणीने लावली, हे मात्र लिहिलंय. पान तीनदा वाचलं.

मग पोस्टीची वेळ पाहिली. बारा वाजून चार मिनिटं. सेक्रेटरींनी घर रिकामं झाल्याची नोंद बारा वाजताच ग्रुपवर टाकली होती. रहिवासी नाही, म्हणजे सभासद नाही. सभासद नसलेल्याची तक्रार घेता येत नाही. हा नियम मी आज केलेला नाही, पहिल्याच दिवशी सातव्या क्रमांकावर लिहिलेला आहे, कुणीही बघावं.

रद्द केली. मग सभासदांच्या यादीतून तिचा नंबर काढला. दोनशे अकरा घरं उरली.

हे दीड वाजता वर आले. हातात मुंगीची बस, चारही चाकं बसवलेली. टेबलावर ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

२ मे, शनिवार

लेक कामावर, सी इमारतीचं पाळणाघर शनिवारी अर्धा दिवस. साडेबाराला मुंगीला आणलं. हातात छत्री, पिशवी, तिचं डबडं. ए इमारतीवरून येताना ती हात सोडवून पळाली आणि त्या अंगणात शिरली. आत काही नाही. भिंतीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा आहेत, एवढंच. मुंगीने खिडकीतून आत पाहिलं, मावशी अशी हाक मारली आणि थोडा वेळ उभी राहिली. मी म्हटलं, चल, ऊन आहे. तिला धरून बाहेर आणलं आणि चालू लागले.

दहा पावलं गेल्यावर ती थांबली. परत मागे पळाली. फाटक तिच्यापेक्षा उंच आहे. चवड्यांवर उभी राहून, दोन्ही हातांनी ओढून तिने ते मिटलं आणि कडी लावायला लागली. नीट लागेना. जीभ बाहेर काढून पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा लागली.

मी विचारलं, कशाला गं, आत कोणी नाही.

म्हणाली, "आजी, तू कडी लावत नाहीस ना. रोज मावशी लावते. आता ती नाही, म्हणून मी लावते."

रस्त्यात दंतवैद्याची बायको उभी होती. तिने ऐकलं की नाही, ते कळलं नाही. मी मुंगीला उचललं, छत्री तिथेच पडली, ती उचलायला वाकता येईना. घड्याळात पाहिलं, बारा वाजून बेचाळीस मिनिटं. घरी येऊन ते इथे लिहून ठेवलं.